शेवटच्या प्रवेशात आई काय करते

कुंदाताई,

तुमच्या शोकसभेत तुम्हाला 'रंगभूमीची आई' म्हणून झालं. एकानं म्हटलं आणि मग जो उठेल तो तेच म्हणू लागला. मी मागच्या रांगेत बसून अंदाज बांधत होते, तुम्ही असतात तर कुठल्या वाक्याला चपला घालून बाहेर पडला असतात. बहुधा पहिल्याच. निवृत्त होईपर्यंत तुम्ही सांगलीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलंत, रविवारी शाळेच्या हॉलमध्ये नाटकं बसवलीत, उशिरा येणाऱ्या नटाला दाराबाहेर उभं केलंत. यातलं काहीही तुम्ही आई म्हणून केलं नव्हतं. पण एखाद्या बाईनं आयुष्यभर चार माणसांना कामाला लावलं की तिच्यासाठी लोकांना दुसरा शब्द सापडत नाही. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी दोन वाक्यं बोलले आणि बसले. माझ्याकडं होतं ते तुमच्याशी बोलायचं होतं, तुमच्याबद्दल नव्हे. ते इथं लिहिते.

आपली ओळख वादानं झाली. साताऱ्यात आमच्या कॉलेजात चर्चासत्र होतं. माझी पीएचडी नुकती झालेली. विषय आधुनिक मराठी नाटकातली आई, आणि तिच्याकडं बघायची माझी पद्धत मनोविश्लेषणाची. मी सांगत होते की रंगमंचावर दिसते ती आई खरं तर आई नसतेच, ती मुलाच्या मनातली आई असते. लहान मुलाला ती एक तर सगळं देणारी हवी असते, नाही तर सगळं गिळून टाकणारी वाटते. म्हणून नाटकातली आई एक तर मुलासाठी झिजते, नाही तर त्याचा संसार मोडते. मधली, साधी, पुरेशी आई लिहायची तर नाटककाराला आधी स्वतःच्या बालपणातून बाहेर यावं लागतं. टाळ्या बऱ्या पडल्या. मग प्रश्नांच्या वेळी तुम्ही उभ्या राहिलात.

"तुमच्या निबंधात इतक्या आया आहेत," तुम्ही म्हणालात, "त्या जेवतात कधी?"

सभागृह हसलं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही शांतपणे सांगितलंत की या नाटकांमध्ये स्वयंपाक कोण करतं, घरात पैसे कोण आणतं, मूल रडलं तर कोण उठतं, हे सगळं लिहिलेलं आहे. मी ते वाचलं नाही, कारण मी फक्त मनात काय चाललंय ते शोधत होते. आणि 'पुरेशी' आई म्हणजे किती, ते मोजणार कोण, हेही विचारलंत. चहाच्या वेळी मी तुम्हाला चुकवत होते, तर तुम्ही कप-बशी घेऊन शोधत आलात. निबंध चांगला आहे, पण अर्धा आहे, असं म्हणालात. तुमची सांगलीची गाडी लागेपर्यंत आपण तोच विषय बोलत राहिलो. नंतर कितीतरी वर्षं बोलत राहिलो.

त्या चर्चासत्रानंतर दीड-दोन वर्षांनी माझी मुलगी रेवा झाली.

बाळंतपण नीट झालं, बाळ निरोगी होतं, घरात सगळे खूश होते. मला काहीच वाटत नव्हतं. बाळाकडं बघून माया दाटून येते असं मी ऐकलं होतं, मी तर त्यावर प्रकरणं लिहिली होती. पण ते शेजारच्या घरातून कुणी आणून ठेवलेलं मूल असावं तसं मला वाटायचं. ते रडलं की मी घाबरायची. ते झोपलं तरी मला झोप यायची नाही. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेलेली, त्यामुळं बाळंतपण सासरीच. सासूबाई शेक-शेगडी, लाडू, मालीश सगळं मायेनं करत होत्या आणि सांगत होत्या की पहिल्यांदा असंच होतं, पाजत राहा म्हणजे लळा लागेल. मी पाजत होते. लळा लागत नव्हता. आणि मनोविश्लेषणाची सगळी पुस्तकं वाचलेली मी, माझी आई माझ्याशी कशी वागली होती ते आठवत बसायची. त्यात मला कारण सापडेल अशी खात्री होती.

तुम्ही बाळाला बघायला म्हणून सकाळच्या गाडीनं आलात. सांगलीचा भडंग आणला होतात. माझ्याकडं बघितलंत, बाळाकडं बघितलंत आणि सतीशला, माझ्या नवऱ्याला, विचारलंत, ही शेवटची कधी झोपली. सतीशला सांगता आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, बाळंतीण पडूनच तर असते. तुम्ही खोलीत येऊन दार लोटलंत. मी तुम्हाला सांगितलं, मला हिच्याबद्दल काही वाटत नाही. मी हेही सांगितलं की हे माझ्या आईपासून आलेलं आहे, आईनंही मला कधी जवळ घेतलेलं आठवत नाही.

तुम्ही रेवाला उचललंत, खांद्यावर टाकलंत.

"नाही वाटत तर नाही वाटत," तुम्ही म्हणालात. "आधी झोप काढ. मग जा तुझ्या बालपणात. ते कुठं जात नाही."

मी झोपले. जागी झाले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाहेरच्या खोलीत तुम्ही माझ्या सासऱ्यांशी बोलत होतात. सासरे फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घरात फारसे बोलत नसत, बाळाला हात लावायला भीत. तुम्ही त्यांना विचारलंत, पलटणीत एकाच जवानाला सलग पहाऱ्यावर ठेवतात का. ते म्हणाले, छे, तसं केलं तर तो झोपेतच गोळी घालायचा कुणाला तरी. मग तुम्ही म्हणालात, सुभेदारसाहेब, या घरात तेच चाललं आहे.

"पहाटंची ड्युटी माजी," ते म्हणाले. "सतीशची त्याच्या आदी. सूनबाईनं निस्तं पाजायला उठायचं."

सासूबाईंना हे आवडलं नाही. पुरुषांनी मूल घ्यायचं म्हणजे आपलंच काहीतरी कमी पडलं असं त्यांना वाटलं. तुम्ही त्यांचीही दुपारची झोप ठरवून दिलीत, तेव्हा त्या थोड्या निवळल्या. तुम्ही चार दिवस राहिलात. जाण्याआधी मला साताऱ्यातल्याच एका मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंकडं घेऊन गेलात. मी रिक्षात म्हटलं, तुमचा तर या सगळ्यावर विश्वास नाही. तुम्ही म्हणालात, माझा औषधावर पूर्ण विश्वास आहे, माझं भांडण निबंधांशी आहे. गोळ्या सुरू झाल्या. घरात पहाऱ्याच्या पाळ्या सुरू झाल्या. मी बरी होत गेले. कशामुळं झाले, गोळ्यांमुळं, झोपेमुळं की डॉक्टरबाईंशी आईबद्दल बोलल्यामुळं, यावर आपण नंतर खूप वाद घातला. तुम्ही गोळ्या आणि झोप यांना अर्धे-अर्धे गुण द्यायचात. आईला एकही द्यायचा नाहीत.

रेवा शाळेत जायला लागल्यावर मी त्यावर नाटक लिहिलं, 'टक्क जागी'. तुम्ही ते बसवायला घेतलंत. दर रविवारी मी साताऱ्याहून सांगलीला यायची. नवी आई झालेली नायिका, तिचा नवरा, आणि तिची आई, एवढीच माणसं. नायिकेची आई तुम्ही करणार होतात. शेवटच्या प्रवेशात नायिका आपल्या आईला विचारते, मी झाले तेव्हा तुला काय वाटलं होतं. त्यावर मी त्या आईला मोठं स्वगत दिलं होतं. त्यात सगळं उलगडायचं. तिला तिच्या आईकडून काय मिळालं नाही, म्हणून तिनं मुलीला काय दिलं नाही. मग नायिका उठून पाळण्यातल्या बाळाला उचलते आणि पडदा.

तुम्ही पहिल्या वाचनालाच ते स्वगत काढलंत. तुमच्या शेवटच्या प्रवेशात आई फक्त "आठवत नाही" म्हणायची, नवरा बाळाला उचलून आत जायचा, आणि नायिका आडवी होऊन झोपायची. प्रेक्षकांसमोर, पूर्ण उजेडात, नुसती झोपलेली बाई. मी खूप भांडले. झोप हे उत्तर नव्हे, म्हटलं. तिला कळायला तर हवं, आपल्याला असं का झालं. तुम्ही म्हणालात, जिला त्रास होतोय तिनंच कारणही शोधायचं, आणि ते सापडायचं कुठं तर दुसऱ्या एका बाईत. नवरा सुटला, घर सुटलं, दवाखाना सुटला. आई सापडली. प्रत्येक वेळी आईच कशी सापडते, ते मला सांग.

मला ते पटलं नव्हतं. नवऱ्याचं काम करणारा मुलगा मध्येच म्हणाला होता की मॅडम, तुम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं तुम्हाला आईचं मन तितकं... त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. तुम्ही त्याला विचारलंत, गेल्या वर्षी आपण खुनाचं नाटक केलं, तेव्हा तू कुणाला मारून आला होतास. मुलगा हसला, बाकीचेही हसले. तुम्ही मात्र त्या दिवशी तालीम लवकर सोडलीत.

नाट्यस्पर्धेत परीक्षकांनी नाटकाला गुण दिले, पण जाता जाता सुनावलं की कुठलीही आई "आठवत नाही" असं म्हणणार नाही. तुम्हाला राग आला नाही. तुम्ही म्हणालात, त्यांच्या आईनं कधी म्हटलं नसेल, कारण त्यांनी विचारलं नसेल.

मग पलूसचा प्रयोग. तो मी विसरणार नाही. बचत गटाच्या बायकांचा मेळावा होता, मंगल कार्यालयात, जेवणं झाल्यावर दुपारी. मला वाटलं होतं बायका कंटाळतील. त्या अजिबात हलल्या नाहीत. शेवटचा प्रवेश आला. नायिकेनं विचारलं, मी झाले तेव्हा तुला काय वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "आठवत नाही."

पुढच्या रांगेतून एक वयस्क बाई बसल्या जागेवरून बोलल्या. ओरडून नाही, घरात बोलावं तशा.

"आटवतंय की तुला. सांग की तिला."

मी विंगेत होते. नट गांगरले. नवऱ्यानं बाळ उचलायला हात पुढं केला होता तो तसाच राहिला. तुम्ही त्या बाईंकडं बघितलंत, मग नायिकेकडं वळलात आणि बोलायला लागलात. ते माझं स्वगत नव्हतं. ते कुणीच लिहिलेलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, तू झालीस तेव्हापासून मी रोज दुपारी एसटी स्टँडवर जाऊन बसायची. तुला घेऊन. गाड्या यायच्या, लोक उतरायचे, चढायचे. कंडक्टर विचारायचा, कुठं जायचंय बाई. मी म्हणायची, कुठं नाही. तू माझा पदर मुठीत धरून बसायचीस. सुटेल म्हणून नाही, मी जाईन म्हणून. तुला कळत होतं. मी कधी गाडीत बसले नाही. पण रोज जायची.

एवढं बोलून तुम्ही थांबलात. नायिका ठरल्याप्रमाणं आडवी झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बऱ्याच वेळानं खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

प्रयोगानंतर त्या बाई आत आल्या. त्यांनी तुमचा हात धरला. "मीबी बसायची," त्या म्हणाल्या. "स्टँडवर न्हाई. हिरीच्या काठाला."

तुम्ही विचारलंत, मग?

"मग काय. म्हशीची धार काढायची येळ झाली. उटली."

त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. नाटक लय चांगलं केलं म्हणाल्या आणि गाडी चुकेल म्हणून गेल्या. त्या विहिरीच्या काठावर बसायच्या तेव्हा घरात मूल कुणाजवळ होतं, हे विचारायचं आपल्या दोघींनाही सुचलं नाही.

परतताना गाडीत मी सुरुवात केली. म्हटलं, बघा, तुम्हीच सांगितलंत ते. आईकडून मुलीकडं जातं ते. तुम्ही म्हणालात, ती बाई धारेमुळं उठली. मी म्हटलं, कामामुळं वाचली की कामामुळंच तिथं जाऊन बसली? तुम्ही खिडकीतून उसाकडं बघत राहिलात. सांगलीजवळ माधवनगर आलं तेव्हा मी विचारलं, ते स्टँडवरचं कुठून आणलंत. तुम्ही म्हणालात, सुचलं.

त्या दिवसानंतर आपला वाद थांबला असं नाही, पण त्याची धार गेली. आणि मधल्या वर्षांत काहीतरी गमतीशीर झालं. कॉलेजात माझ्या हाताखालच्या तरुण प्राध्यापिका मूल कुणाकडं सोडायचं या काळजीत तास घेताना मी बघत होते. एकीनं तर नोकरीच सोडली. मी पाळणाघरासाठी खोली मिळावी म्हणून प्राचार्यांच्या मागं लागले, मिळवली. नाटकातल्या आईवर पुन्हा शिकवायची वेळ आली तेव्हा मी मुलांना आधी विचारलं, या घरात स्वयंपाक कोण करतं ते शोधा. तुम्हाला फोन करून हे सांगितलं तेव्हा तुम्ही खूश व्हाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, ते ठीक आहे, पण मुलाच्या मनातली आई सोडू नकोस. ती असते.

मी शेवटची तुमच्याकडं आले तेव्हा तुम्ही सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरी खिडकीजवळच्या पलंगावर होतात. आवाज बारीक झाला होता, बाकी सगळं शाबूत. औषधाचं, जेवणाचं बोलणं तुम्ही लगेच आटोपलंत. मग न विचारता सांगितलंत की ते स्टँड मेढ्याचं होतं. तुमचे वडील तिथं नोकरीला होते. बसायची ती तुमची आई. पदर धरणाऱ्या तुम्ही.

"मी इतका घट्ट धरायची," तुम्ही म्हणालात, "की बोटं पांढरी पडायची. ती मला कधी ओरडली नाही. मला वाटायचं मी तिला थांबवून ठेवलंय. आत्ता आत्तापर्यंत त्याचा अभिमान वाटायचा मला."

मी विचारलं, आणि आता?

"आता वाटतं, ती कुठं जाणार होती ते विचारायला हवं होतं."

मला त्या वेळी खूप काही बोलायचं होतं. आयुष्यभर तुम्ही प्रत्येक नाटकातून आईला दोष देणारं वाक्य का काढलंत, ते मला कळलं असं वाटलं होतं. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, झालं तुझं विश्लेषण सुरू. म्हणून मी बोलले नाही. तुम्ही विचारलंत, माझं स्वगत अजून आहे का कुठं. आहे, म्हटलं. पुढच्या वेळी वाचून दाखव, म्हणालात. पुढची वेळ आली नाही. तुम्ही ते ऐकून मला खोडायला काय सांगितलं असतंत आणि काय ठेवायला, हे आता मलाच ठरवायचं आहे. अजून ठरलेलं नाही. पुढचा प्रयोग आम्ही दिवाळीनंतर करतो आहोत.

शोकसभेला रेवा माझ्याबरोबर होती. ती अकरावीत आहे. सांगलीहून परत येताना गाडीत कराडपर्यंत ती गाणी ऐकत होती. कराडला गाडी थांबली तेव्हा तिनं कानातलं काढलं. 'टक्क जागी' पुन्हा करताय का, विचारलं. हो म्हटलं. आणि मग मला वाटलं, ही त्या नाटकाला येऊन बसेल, लोक कुजबुजतील, तिला तिसऱ्याकडून कळेल. त्यापेक्षा आत्ता. म्हटलं, रेवा, तू झालीस तेव्हा...

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "कुंदामावशींनी सांगितलंय."

दहावीनंतर ती तुमच्याकडं आठवडाभर राहिली होती, तेव्हा. मी विचारलं, काय सांगितलं. ती म्हणाली, मावशी म्हणाल्या, तुझ्या आईला तू सुरुवातीला आवडत नव्हतीस. बाकीचं तीच सांगेल. फक्त घाई करू नकोस, तिला वाक्य जुळवायला वेळ लागतो.

"मग तू विचारलं का नाहीस?"

"वाट बघत होते," ती म्हणाली.

कराड ते सातारा मी तिला सगळं सांगितलं. शेगडी, सासूबाई, पहाऱ्याच्या पाळ्या, गोळ्या, माझी आई. कुठलं कारण आधी आणि कुठलं नंतर, ते लावलं नाही. जसं आठवलं तसं सांगत गेले. मध्ये एकदा थांबले तेव्हा ती म्हणाली, पुढं. आजोबा पहाटे तिला घेऊन अंगणात कदमताल करायचे, ते तिला फार आवडलं. मग तिनं विचारलं, आवडायला कधी लागले मी.

मी म्हटलं, दिवस सांगता यायचा नाही. पण एकदा तुला अंघोळ घालून टॉवेलात गुंडाळलं होतं. तू शिंकलीस आणि त्या शिंकेला स्वतःच इतकी दचकलीस, की मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं. हसता हसता मी तुला आणखी जवळ घेतलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

कुंदाताई, हे तुम्हालाही सांगायचं राहून गेलं.